बाणाचं टोक आणि गटाची पट्टी

महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गावाचा नकाशा बघायचा, तर आधी ग्रामीण की शहरी ते सांगावं लागतं. मग जिल्हा पुणे, तालुका आंबेगाव, गाव पेठ. थोडं थांबलं की पडद्यावर गाव उमटतं. घरं, देवळं, एसटीचा थांबा यातलं काही त्यात नसतं. असतात त्या नुसत्या रेघा आणि रेघांच्या मधे गट नंबर. माउसचा बाण एखाद्या गटावर नेऊन कळ दाबली की तेवढा तुकडा रंगतो आणि बाजूला त्याची माहिती येते. सांगायला हे एका वाक्याचं काम आहे. आपले सरकार सेवा केंद्रात खुर्चीवर बसलेला मुलगा आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघणारे तात्या यांना विचारा.

“तात्या, बोट काढा पडद्यावरून, मला दिसंना.”

“आरं तो न्हाई. त्याच्या खालचा. विहिरीकडचा.”

मुलगा बाण खाली ओढतो, कळ दाबतो आणि भावकीतल्या भलत्याच माणसाचा गट रंगतो. तात्या चुकचुकतात. रांगेत मागे उभा असलेला कुणीतरी ठेवणीतलं वाक्य काढतो, “हात बसला नाही अजून पोराचा.”

पेठ हे सातगाव पठारावरचं गाव. पावसाच्या भरवशावर खरिपाचा बटाटा काढणारा हा पट्टा. जमीन वाटणीत गेली की बहुतेकदा लांबीला लांबी राहते आणि रुंदी निम्मी होते, कारण पाण्याची वाट आणि रस्त्याचा बांध प्रत्येकालाच हवा असतो. तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला, एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तरी नकाशावर आजही अशा चिंचोळ्या पट्ट्या दिसतातच. पूर्ण गाव पडद्यावर असताना अशी एखादी पट्टी जेमतेम चारपाच पिक्सेल रुंद उरते. तिथे बाण टेकवायचा म्हणजे हाताची परीक्षाच. या परीक्षेत हाताचा दोष किती, बाणाच्या घडणीचा किती आणि पट्टीच्या रुंदीचा किती, याचा हिशेब मांडता येतो. माणसं तो सव्वाशे वर्षांपासून मांडत आली आहेत, म्हणजे संगणक यायच्या कितीतरी आधीपासून.

आधी बाणच जवळून बघू. विंडोजचा नेहमीचा बाण साधारण १२ पिक्सेल रुंद आणि १९ पिक्सेल उंच. अंग पांढरं, किनार काळी. किनार अशासाठी की मागे पांढरा कागद असो की काळा फोटो, बाण दोन्हीकडे दिसावा. मॅकवर रंग उलटे, काळं अंग आणि पांढरी किनार, हेतू मात्र तोच. या सगळ्या चित्रातला एकच पिक्सेल संगणकाच्या लेखी खरा असतो, तो म्हणजे टोकाचा. बाकीचा बाण आपल्या डोळ्यांसाठी काढलेली शोभा. या खऱ्या पिक्सेलला हॉट स्पॉट म्हणतात. बाणात तो टोकाला असतो, दुव्यावर उमटणाऱ्या हातात तर्जनीच्या शेंड्याला, अधिकच्या चिन्हात मधोमध.

खात्री करायची तर बाण पडद्याच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यात कोंबा. अख्खा बाण दिसत राहतो. आता उजव्या-खालच्या कोपऱ्यात ढकला. बाण जवळजवळ नाहीसा होतो, कारण टोक कोपऱ्यात अडतं आणि अंग पडद्याबाहेर सांडतं. आपण हलवतो ते टोक आणि आपल्याला दिसतं ते अंग. या दोघांची दिशा जुळली नाही की पुढची भानगड सुरू होते.

बाणाला ही तिरकी मान कुठून आली, याची गोष्ट छोटी आहे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माउस केला. लाकडाची पेटी आणि तळाशी दोन चाकं. ९ डिसेंबर १९६८ ला एंगेलबार्टनी त्याचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. त्यांच्या यंत्रणेतला बाण सरळ वर तोंड करून उभा होता. पुढे १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत आल्टो नावाचा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावर बाणासाठी १६ बाय १६ ठिपक्यांचा चौकोन मिळत होता. एवढ्याशा जागेत उभ्या बाणाच्या दोन तिरक्या कडा दातेरी दिसायच्या. बाण डावीकडे कलवला की एक कड सरळ उभी होते, दुसरी ४५ अंशांत बसते आणि चित्र स्वच्छ उमटतं. शिवाय टोक चौकोनाच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यात आल्याने हिशेबही सुटसुटीत. पुढे १९८३ च्या ॲपल लिसाने, १९८४ च्या मॅकिंटॉशने आणि मग विंडोजने तीच मान उचलली. दातेरी पडदे कधीच गेले, मान तशीच राहिली.

आता हाताकडे येऊ. पेठेतून घाट उतरून मंचर, पुढे नारायणगाव आणि तिथून खोडदकडे वळलं की शेतांच्या मधे तारांच्या प्रचंड कढया आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यातल्या १४ मध्यभागी एकमेकींजवळ आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. एका दीर्घिकेवरून दुसरीकडे वळायचं असलं की ही अँटेना आधी झपाट्याने फिरते. झपाट्याने म्हणजे आडवी मिनिटाला ३० अंश, वर-खाली २० अंश. लक्ष्य जवळ आलं की वेग उतरतो आणि मग चुकीचा अंदाज घेत घेत ती नेमकी जागेवर येते. खिडकीतून बघणाऱ्याला ती अगोदर धावते आणि मग चाचपडते असं वाटेल.

माणसाचा हातही असाच चालतो, हे १८९९ साली रॉबर्ट वुडवर्थ यांनी कोलंबिया विद्यापीठात दाखवलं. त्यांनी लोकांना मेट्रोनोमच्या ठोक्यावर पेन्सिलने ठरावीक लांबीच्या रेघा मारायला लावल्या, कधी डोळे उघडे ठेवून, कधी मिटून. त्यांच्या लक्षात आलं की हालचालीला दोन भाग असतात. पहिला झोक, जो डोळ्यांची वाट न बघता जातो. दुसरा सावरण्याचा, ज्यात डोळा सांगतो आणि हात ऐकतो. ठोका फार जलद केला तर दुसऱ्या भागाला वेळच उरत नाही आणि डोळे उघडे असून नसल्यासारखे होतात. सेवा केंद्रातला मुलगा बाण पट्टीपर्यंत नेतो तो झोक. पट्टीजवळ आल्यावर बाण इकडेतिकडे थरथरताना दिसतो ते सावरणं. वेळ बहुतेक या दुसऱ्या भागात जातो.

सावरायला किती वेळ लागणार, याचं सूत्र पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलं. फिट्स हे ओहायओ स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. त्याआधी त्यांनी अमेरिकी हवाई दलासाठी वैमानिक उपकरणं वाचताना आणि हाताळताना का चुकतात यावर काम केलं होतं. प्रयोग अगदी साधा होता. टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या, हातात धातूची लेखणी. एकदा या पट्टीवर टोचायचं, एकदा त्या पट्टीवर, १५ सेकंदांत जमेल तितक्या वेळा. पट्ट्यांची रुंदी पाव इंचापासून दोन इंचांपर्यंत बदलायची, मधलं अंतर दोनपासून सोळा इंचांपर्यंत.

घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर दोन उभे पट्टे आखा, चार सेंटिमीटर रुंद, मधे तीस सेंटिमीटर अंतर. पेन्सिलने पंधरा सेकंद आलटूनपालटून ठिपके मारा. मग पट्टे एक सेंटिमीटरचे करून तेच करा. ठिपके किती कमी झाले ते मोजा आणि पट्ट्याबाहेर किती पडले तेही.

फिट्सना आढळलं ते असं. अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट होत नाही, एका पायरीने वाढतो. रुंदी निम्मी झाली तरी बरोबर तितक्याच एका पायरीने वाढतो. अंतर आणि रुंदी दोन्ही दुप्पट केलीत तर काहीच बदलत नाही. म्हणजे खरा खेळ दोघांच्या गुणोत्तराचा. पायऱ्या मोजायच्या तर अंतराची दुप्पट करा, तिला रुंदीने भागा आणि उत्तर किती वेळा निम्मं केलं की एकावर येतं ते बघा. बाण ३२० पिक्सेल दूर आहे आणि गट २० पिक्सेल रुंद आहे, तर भागाकार ३२, पायऱ्या पाच. तोच गट पाच पिक्सेल रुंद असेल तर भागाकार १२८, पायऱ्या सात.

१९७८ मध्ये झेरॉक्सच्याच प्रयोगशाळेत स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश (माउस बनवणारे तेच) आणि बेटी बर यांनी माउस, जॉयस्टिक आणि बाणांच्या कळा यांची तुलना केली. माउस जिंकला. त्यांच्या मोजणीत माउसला एका पायरीमागे साधारण सेकंदाचा दहावा भाग लागत होता. तो रिकाम्या हाताच्या वेगाच्या इतका जवळ होता की माउस आणखी सुधारून फार काही हाती लागणार नाही, अडसर आता माणसाच्या मेंदूचा आणि स्नायूंचा आहे, असा त्याचा अर्थ निघाला.

कुणी म्हणेल, सात वजा पाच दोन पायऱ्या, म्हणजे सेकंदाचे दोन दशांश. एवढ्यासाठी कोण भांडतंय? आकडा तरण्या, सरावलेल्या हाताचा आहे हे एक. दुसरं असं की पायऱ्या वाढल्या की वेळेबरोबर चुकाही वाढतात आणि चुकीची किंमत दशांशांत नसते. भलता गट रंगला, त्याची माहिती उघडली, इंटरनेट रेंगाळलं, मागे जायचं, पुन्हा नकाशा यायची वाट बघायची. तात्यांची पुढची एसटी गेली.

वेळेच्या या हिशेबात इथवर बाणाच्या आकाराचा संबंध आला नाही. फिट्सच्या लेखणीचं टोक जिथे दिसायचं तिथेच टेकायचं. पडद्यावरच्या बाणाचं तसं नाही. बाण दोन गोष्टी एकाच वेळी सांगतो. टोक सांगतं, ‘मी इथे आहे.’ आकार सांगतो, ‘तिकडे चला.’ रस्त्यावरच्या पाटीवर बाणाचा अर्थ फक्त दुसरा. घाटात डावीकडे बाण काढला असेल तर आपण त्या बाणाच्या टोकावर काय आहे ते बघत नाही, डावीकडे वळतो. तोच आकार संगणकावर जागा दाखवायला वापरला आहे. बाणाच्या या दोन सूचना एकमेकींना छेद देतात का, हे ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातल्या जेम्स फिलिप्स, जेम्स मीहान आणि टॉम ट्रिग्ज यांनी तपासलं. त्यांचे निबंध २००३ साली आले. बाणाचं तोंड कुठे आहे याचा हाताच्या हालचालीवर परिणाम होतो, हे त्यांच्या आणि त्यानंतरच्या कामातून पुढे आलं. २००५ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या बॅरी पो, ब्रायन फिशर आणि केलॉग बूथ यांनी माउस, लेझर पॉइंटर आणि पेन अशा तिन्ही साधनांवर बाणाची दिशा बदलून बघितली. ज्या चिन्हाला दिशाच नाही, म्हणजे साधं वर्तुळ, त्याची बाजू त्यांच्या निष्कर्षांत उजवी ठरते.

यामागचं साधं भूमितीचं कारण तुमच्याच पडद्यावर दिसेल. बाणाचं अंग टोकाच्या उजवीकडे आणि खाली आहे. तुम्ही डावीकडे वर निघालात तर टोक पुढे, अंग मागे. लक्ष्य शेवटपर्यंत उघडं दिसतं. उलट उजवीकडे खाली निघालात तर अंग पुढे आणि टोक मागे, जणू माणूस उलटा चालतो आहे. बाणाचं पोट आधी लक्ष्यावर चढतं, लक्ष्य झाकतं, डोळा म्हणतो पोचलो. टोक अजून दहा-पंधरा पिक्सेल मागेच असतं. मोठं बटण असेल तर हे अंतर खपून जातं. पाच पिक्सेलच्या पट्टीवर मात्र नेमका वरचा गट रंगतो. तात्या “त्याच्या खालचा” म्हणत होते ते आठवा. मुलगा वरून खाली आला असेल तर चूक याच दिशेला व्हायची शक्यता जास्त. तीच पट्टी खालून वर गाठली असती तर टोक आधी पोचलं असतं. कुणी अशी युक्ती शिकवत नाही. हात बसलेले लोक ती नकळत करतात, आणि विचारलं तर त्यांना सांगता येत नाही.

काही लक्ष्यं अशी आहेत की तिथे आकाराची काही मातब्बरी उरत नाही. पडद्याची कड हे त्यातलं सगळ्यात मोठं. बाण कडेपलीकडे जातच नाही, त्यामुळे कडेला चिकटलेलं बटण हाताच्या लेखी अमर्याद रुंद असतं. कितीही जोरात ढकला, टोक तिथेच अडतं आणि सावरायचा भाग जवळजवळ वगळला जातो. मॅकचा मेनू पडद्याच्या अगदी वरच्या कडेला असण्यात हा फायदा आहे. विंडोज ९५ मध्ये स्टार्टचं बटण कोपऱ्यात होतं, पण कडेपासून एकदोन पिक्सेल आत! कोपऱ्यात नेऊन दाबलं तर काहीच व्हायचं नाही. घर कोपऱ्यावर घ्यायचं आणि दार गल्लीत काढायचं, तशातला प्रकार. पुढच्या आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये स्टार्ट कोपरा सोडून मधे आलं. दिसायला ऐसपैस वाटतं. हाताला विचाराल तर तो कोपराच मागेल.

मग बाण मोठा केला तर? सेवा केंद्रात वयस्कर माणसं हाच उपाय सुचवतात आणि विंडोजमध्ये त्याची सोयही आहे, १ ते १५ अशी पट्टी सरकवायची. बाण हरवत नाही हा त्याचा मोठा फायदा. पण हॉट स्पॉट एका पिक्सेलचाच राहतो. बाण जेवढा मोठा, तेवढा तो नकाशा जास्त झाकतो आणि उजवीकडे खाली जाताना पोट तेवढं जास्त पुढे येतं. दिसणं सुधारतं, टेकणं नाही. मॅकमध्ये २०१५ पासून वेगळी तोड आहे. माउस झटक्याने हलवला की बाण क्षणभर फुगतो, सापडला की पुन्हा बारीक. मला ती जास्त शहाणपणाची वाटते, कारण शोधताना बाण मोठा हवा आणि टेकवताना बारीक हवा, या दोन्ही गरजा ती ओळखते.

खरी सुधारणा व्हायची तर टोकच रुंद करायला हवं. १९९७ मध्ये जॉर्जिया टेकमधल्या एका गटाने ज्येष्ठ माणसांसाठी ते करून बघितलं. त्या निबंधाच्या लेखकांपैकी कृष्णा भरत यांनी पुढे गुगल न्यूज उभारलं. त्यांच्या पॉइंटरचा हॉट स्पॉट म्हणजे एक ठिपका नव्हता, पूर्ण चौकोन होता. चौकोनात बटण आलं की पुरे. एकाच वेळी दोन बटणं आली तर मात्र तो नेहमीसारखा मधल्या ठिपक्याचं ऐकायचा. जोडीला आणखी एक युक्ती होती. बाण बटणावर आला की त्याचा वेग आपोआप मंदावायचा, म्हणजे थरथरता हात ओलांडून पुढे जाऊ नये. ज्येष्ठांना या दोन्हींचा फायदा झाला. २००५ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या टोवी ग्रॉसमन आणि रवीन बालकृष्णन यांनी त्याच्या पुढे जाऊन बबल कर्सर केला. पॉइंटरभोवतीचं वर्तुळ आपोआप लहानमोठं होत राहतं आणि सगळ्यात जवळचं एकच लक्ष्य पकडतं. लक्ष्यांच्या मधली मोकळी जागा अशी लक्ष्यांनाच वाटून दिली जाते आणि प्रत्येक बटण आपोआप रुंद होतं.

गंमत अशी की पेठेच्या नकाशावर ही हुशारी चालणार नाही. बबल कर्सरचं सगळं भांडवल म्हणजे मधली रिकामी जागा. गटांच्या मधे रिकामी जागा कुठली? बांधाला बांध लागून. वाटून द्यायला काही शिल्लकच नाही. तिथे एकच उपाय उरतो, नकाशा मोठा करायचा. चौपट मोठा केला की पाचाची पट्टी वीस पिक्सेलची होते आणि दोन पायऱ्या वाचतात. चार ठिकाणी हात पोळलेला माणूस तेही करत नाही. तो बाणाच्या वाटेलाच जात नाही. गट नंबर निवडायची जी यादी दिली आहे ती उघडतो, नंबर शोधतो आणि मोकळा होतो. तात्यांना नंबर पाठ असला म्हणजे झालं.

टेबलावरची परिस्थिती हा आणखी एक मुद्दा, पण तो लवकर आटपण्यासारखा आहे. विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, पॉइंटरची अचूकता वाढवण्याची एक चौकट असते. ती चालू असेल तर हात जोरात हलवला की बाण प्रमाणाबाहेर लांब जातो आणि सावकाश हलवला की बारीक सरकतो. झोक आणि सावरणं या दोन भागांना हे धार्जिणं आहे. मात्र माउस पारदर्शक काचेवर असेल तर खालचा कॅमेरा गोंधळतो आणि बाण उड्या मारतो. काउंटरवर काच टाकायची हौस आपल्याकडे फार. जुन्या कॅलेंडरचं जाडसर पान माउसखाली सरकवलं की बहुतेक वेळा काम भागतं.

मोबाइलने बाण काढूनच टाकला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून गट नंबर, पीक, क्षेत्र निवडायचं आणि फोटो काढायचा असं ठरलं. आता माउस नाही, बोट आहे. वाटलं होतं, बाणाची कटकट गेली. पण बोट हाही एक पॉइंटर आहे आणि त्याचा हॉट स्पॉट आपल्याला वाटतो तिथे नसतो. क्रिस्टियन होल्त्स आणि पॅट्रिक बाउडिश यांनी २०१० च्या सुमारास दाखवलं की माणूस बोट टेकवताना नखाच्या बाजूकडून बघून अंदाज घेतो, तर पडदा खालच्या बाजूने चिकटलेल्या मांसल भागाचा मध्य धरतो. बोट जेवढं आडवं टेकवाल तेवढं या दोहोंतलं अंतर वाढतं. त्यात बोटाखाली काय आहे ते बोटामुळेच दिसत नाही. बटाट्याच्या सरीत, हाताला माती, डोक्यावर ऊन आणि यादीत ‘बटाटा’च्या वर-खाली दुसरी पिकं. नको ते पीक निवडलं जातं यात नवल काय? आयफोनने २००७ मध्येच मजकुरासाठी भिंग दिलं होतं, म्हणजे बोटाखालचं अक्षर बोटाच्या वर मोठं होऊन दिसतं. यादीतल्या पिकांना असं भिंग मिळत नाही. बटणं ठसठशीत आणि अंतर ठेवून द्यायची एवढंच करणाऱ्याच्या हातात असतं. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात स्पर्शाच्या जागेचा किमान आकार ४८ एकक दिला आहे, म्हणजे पडद्यावर साधारण नऊ मिलिमीटर. तेवढं पाळलं तरी अर्धं काम होतं.

आणि उरला तो उभा दांडा, मजकुरात लुकलुकणारा. इंग्रजीत तो बिनबोभाट काम करतो, कारण अक्षरं एकामागे एक ओळीत उभी असतात आणि प्रत्येक दोन अक्षरांत एक फट असते. मराठीत ही फट कुठे? सातबाऱ्यावर नाव चुकलं म्हणून अर्ज करायचा आहे असं धरा. महसूल कायद्याच्या १५५ कलमाखाली लेखनातल्या अशा चुका दुरुस्त होतात. अर्ज टाइप करताना ‘शिंदे’ हवं होतं, पडलं ‘शींदे’. किंवा उलट, ‘शीतल’ हवं होतं आणि ऱ्हस्व पडलं. आता ‘शितल’मधली ऱ्हस्व वेलांटी खोडायची. ती डोळ्यांना दिसते ‘श’च्या आधी. माणूस साहजिकच दांडा वेलांटी आणि ‘श’ यांच्या मधे नेतो आणि कळ दाबतो. दांडा तिथे थांबतच नाही. एक तर वेलांटीच्या आधी उडी मारतो, नाही तर ‘श’च्या नंतर. कारण संगणकाच्या साठ्यात आधी ‘श’ आहे आणि वेलांटी मागाहून, उच्चाराच्या क्रमाने. युनिकोडमध्ये तसंच ठरलेलं आहे आणि त्याआधी पुण्याच्या सी-डॅकने रुजवलेल्या संकेतांतही तसंच होतं. पडद्यावर जी फट दिसते ती साठ्यात नाहीच. ‘श’च्या नंतर दांडा ठेवून बॅकस्पेस दाबला तर वेलांटी जाते. आधी ठेवून डिलीट दाबलं तर बहुतेक ठिकाणी ‘शि’ अख्खा जातो.

जुन्या डीटीपीवाल्यांना याचा फार राग येतो आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. श्रीलिपीसारख्या, युनिकोडपूर्वीच्या फाँटांत अक्षरांचे तुकडे दिसतात त्याच क्रमाने साठवलेले असत. वेलांटी आधी, ‘श’ मागे. त्यामुळे दांडा दोहोंच्या मधे खुशाल उभा राहायचा आणि डोळा जिथे म्हणेल तिथे हात चालायचा. त्या बदल्यात शोधाशोध, वर्णानुक्रम, एका फाँटमधून दुसऱ्यात नेणं या सगळ्याची वाट लागलेली असायची, हा भाग वेगळा. युनिकोडने शब्दाचा हिशेब सरळ केला आणि हाताची सवय मोडली. वीस वर्षं श्रीलिपीवर काढलेला माणूस अजूनही त्या न सापडणाऱ्या फटीत दांडा रोवायला बघतो.

सेवा केंद्रातली मुलं या वादात पडत नाहीत. ती नावावर दोनदा कळ दाबतात. अख्खा शब्द निळा होतो. मधे कुठे टेकायचं, फट आहे की नाही, टोक कुठे आणि पोट कुठे, काही बघावं लागत नाही. पाच-सहा पिक्सेलच्या फटीऐवजी चाळीस-पन्नास पिक्सेलचा शब्द हेच लक्ष्य होतं. मग नाव पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचं, तात्यांना एकदा वाचून दाखवायचं आणि प्रिंट काढायची.